चाकरमान्याची परतवाट



माणसाचे उतारवय आले, हातातले काम सुटले, की बहुतेक संसारांपुढे एक प्रश्न येऊन उभा राहतो. ज्या शहरात उमेद घालवली तिथेच ओढाताण करीत राहायचे, की जिथे थोडक्या पैशांत भागेल अशा ठिकाणी बिऱ्हाड हलवायचे? हा प्रश्न आज घराघरात बोलला जातो. परंतु तो नवा नाही. आपल्या महाराष्ट्रात तर लाखो कुटुंबांनी तो तीन पिढ्या सोडवला आहे; कोणाला तो सुटला, कोणाला नाही. ही कुटुंबे म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्यांत राबलेली कोकणातली आणि घाटावरची माणसे. कोकणात आपण त्यांना चाकरमानी म्हणतो. चाकरमानी मुंबईला कसा गेला हे पुष्कळांनी सांगितले आहे. तो परत कसा आला, आणि कित्येकदा का आला नाही, हे मी आज सांगणार आहे.

उतारवयात गाव बदलण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. शास्त्रकारांनी वानप्रस्थ सांगितला. संसार उरकलेली माणसे काशीवासाला जात. इंग्रजी अमदानीत सरकारी नोकर पेन्शन घेऊन पुण्याला किंवा नाशिकला घर करीत, आणि पुण्याला तर पेन्शनरांचे गाव असे नावच पडले. परंतु ह्या मंडळींच्या हाती दर महिन्याला ठरलेली रक्कम येत असे. गिरणीत साचा चालवणाऱ्याच्या हाती काय येत असे? काम थांबले की पगार थांबला. तेव्हा त्याच्या दृष्टीने गाव बदलणे हा पोटाचा विचार होता. म्हणून त्याचीच गोष्ट आपण जरा जवळून पाहू.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर ह्यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी काढली आणि १८५६ साली ती गिरणी चालू झाली. पुढल्या चाळीस-पन्नास वर्षांत भायखळा, लालबाग, परळ, वरळी ह्या पट्ट्यात गिरण्यांची रांग लागली. त्यांना माणसे पुरवली ती मुख्यतः रत्नागिरी जिल्ह्याने आणि घाटावरच्या सातारा, पुणे वगैरे भागांनी. त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही येत असे. तो १९८१ साली वेगळा झाला. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती पावणेबारा लाखांच्या घरात होती, आणि त्यांतले शंभरात चौऱ्यांशी लोक मुंबईबाहेर जन्मलेले होते. एकट्या रत्नागिरी जिल्ह्याचा वाटा जवळजवळ पाचव्या हिश्शाचा. त्याच शिरगणतीतला दुसरा आकडा ह्याहून बोलका आहे. मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका होत्या सुमारे सव्वापाचशे. म्हणजे निम्मे संसार दोन ठिकाणी वाटलेले होते. पुरुष मुंबईत, बायको गावी.

आता हा पुरुष मुंबईत राहत होता कसा? पाच-दहाजण मिळून एक खोली घेत, तिला गाळा म्हणत. कित्येक गाळे गावाच्या मंडळाचे असत. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिथे वळकटी पसरून झोपे. जेवण खानावळीत, ती बहुधा गावाकडचीच एखादी बाई चालवी. बर्नेट-हर्स्ट नावाच्या अभ्यासकाचे मुंबईतील मजूर आणि त्यांची घरे ह्यांवरचे पुस्तक १९२५ साली निघाले. त्यात त्याने नोंदले की, कामकरी वर्गातले शेकडा ९७ लोक एकखणी बिऱ्हाडात राहतात. ह्याच सुमारास मुंबई सरकारच्या मजूर खात्याने कामकऱ्यांच्या जमाखर्चाची पाहणी केली, तिचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. तो वाचला म्हणजे दोन गोष्टी ध्यानात येतात. एकटा राहणारा कामगार आपल्या मिळकतीचा सुमारे पाव हिस्सा गावी धाडीत असे. आणि पाहणीतली जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात होती. टपाल खात्याने १८८० साली मनिऑर्डर सुरू केली होती. कोकणातल्या वाड्यावाड्यांवर पोस्टमनची वाट का पाहिली जात असे, हे ह्यावरून उमगेल.

पण हे पैसे गावी कशाला जात? पोटाला, खोताच्या देण्याला, सावकाराला, लग्नकार्याला, हे तर झालेच. परंतु त्यांत आणखी एक हेतू लपलेला होता. तो माणूस आपल्या म्हातारपणाची तजवीज करीत होता. गिरणीचे पेन्शन नव्हते, फंड नव्हता, सरकारी विमा नव्हता. गावचे घर शाकारलेले राहिले पाहिजे, भाताचा तुकडा कसलेला राहिला पाहिजे, भावकीत नाव राहिले पाहिजे, तरच एक दिवस परत जाऊन ओटीवर बसता येईल. शहाणी माणसे बँकेत पैसे ठेवतात, तसा हा गावात ठेव ठेवीत होता. गणपतीला, शिमग्याला तो रजा काढून, खाडे पडले तरी सोसून, गावी जाई. ही हौस होती, भक्ती होती. शिवाय ठेव जिवंत ठेवण्याचा तो उपायही होता. जो वर्षानुवर्षे गावाला फिरकला नाही, त्याच्यासाठी ओटीवर जागा राहत नसे.

ही ठेव संकटात उपयोगीही पडली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या काही महिन्यांत लाखो माणसे शहर सोडून गेली. गिरण्यांना हात मिळेनात. ज्यांना गाव होते ते गावाला गेले. साथ ओसरली, पुन्हा भोंग्याच्या हाकेला आले. संप झाला की तीच गोष्ट. मालकांना ह्याचा राग येई. ते म्हणत, हा कामगार अर्धा शेतकरी आहे, त्याचा पाय गिरणीत ठरत नाही. १९२९ साली हिंदुस्थानातल्या मजुरांची स्थिती पाहण्यासाठी व्हिटले ह्यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला, त्याने १९३१ साली अहवाल दिला. आयोगाने ह्या वादात स्पष्ट मत दिले: कामगाराचे गावाशी असलेले नाते ही जमेची बाजू आहे, ते तोडू नये, उलट टिकवावे आणि शक्य तितके नीट मार्गी लावावे. आजारपण, बेकारी आणि म्हातारपण ह्यांत त्याला दुसरा आधारच नव्हता. आता ह्याची दुसरीही बाजू पाहा. म्हाताऱ्या कामगाराला पोसण्याचा भार ना मालकावर पडला, ना सरकारवर. तो पडला कोकणातल्या कातळावर आणि तिथे नाचणी काढणाऱ्या बाईवर. गिरणीने माणसाची तिशी-चाळीस वर्षे घेतली आणि थकलेले शरीर गावाला परत केले.

ह्या पहिल्या पिढीच्या दृष्टीने परत जाणे तुलनेने सोपे होते. का, ते नीट समजून घेऊ. गावचे घर नांदते होते. बायको तिथेच होती. तिने सासूसासऱ्यांचे केले, आगोटीच्या आधी शाकार केला, राब भाजला, तरवा काढून लावणी केली, मुले वाढवली. तेव्हा हा माणूस पन्नाशी-पंचावन्नीला ट्रंक आणि वळकटी घेऊन बोटीतून उतरे, किंवा पुढे एसटीतून उतरे, तेव्हा तो चालत्या संसारात येऊन दाखल होई. भाडे नाही, भात घरचे, लाकूडफाटा परसातला, भाजी कुडणातली. मुलगा गिरणीत बदलीवर लागलेला असे. वडिलांच्या ओळखीने जॉबरने त्याला लावून घेतलेले असे. म्हणजे बापाची मनिऑर्डर थांबली, ती मुलाची सुरू झाली. साखळी तुटत नव्हती. मात्र हे सारे गोडच होते असे समजू नये. पुष्कळजण कर्ज घेऊन आले, पुष्कळजण छातीचा विकार घेऊन आले. कापसाच्या तुसात वर्षानुवर्षे श्वास घेतला की फुप्फुसे निकामी होतात. अशा माणसाच्याने नांगर धरवत नसे. आणि नवराबायकोने उभ्या जन्मात मोजके महिने एकत्र काढलेले. उतारवयात ती दोघे जवळजवळ नव्यानेच एकमेकांना ओळखू लागत.

स्वातंत्र्यापासूनच्या पंचवीस वर्षांत चार कायदे झाले आणि त्यांनी हे सारे गणित पालटले. ते चारही ध्यानात ठेवण्याजोगे आहेत.

पहिला १९४७ चा भाडेनियंत्रण कायदा. १९४० च्या सप्टेंबरात जे भाडे होते तेच प्रमाण भाडे धरले गेले. त्यामुळे झाले असे की, महागड्या मुंबईत चाळीची खोली हीच सर्वांत स्वस्त वस्तू ठरली. सगळ्या वस्तूंचे भाव वाढले, खोलीचे भाडे जागच्या जागी. परंतु रिकामी खोली मिळणे दुरापास्त. ती हवी तर भाड्याशिवाय पागडी मोजावी लागे. तेव्हा एकदा खोली सोडली की सोडली. मुंबईहून गावाला जाणारी वाट मोकळी होती, गावाहून मुंबईला परतण्याची वाट बंद झाली. हा फरक फार मोठा आहे.

दुसरा कायदा १९४८ चा कूळकायदा. त्यापाठोपाठ १९४९ साली खोती नष्ट करणारा कायदा झाला. कोकणात खोती मोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी १९३७ सालीच मुंबईच्या विधिमंडळात विधेयक मांडले होते. ते काम आता पुरे झाले. पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. चाकरमान्याच्या घरी बायको, भाऊ जमीन कसत होते, म्हणून कित्येक घरांना पहिल्यांदाच स्वतःची जमीन मिळाली. ही आनंदाची गोष्ट. परंतु नाव कोणाचे लागले? गावी जो भाऊ हजर होता त्याचे. सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे 'ए. कु. मॅ.' असे लिहिलेले असे, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. मुंबईतल्या भावांचा हक्क त्या तीन अक्षरांत दडलेला. भाऊ भाऊ होते तोवर बिघडले नाही. पुढल्या पिढीत ती अक्षरे कोणाला उलगडली नाहीत, आणि कज्जे उभे राहिले.

तिसरा कायदा १९५२ चा, भविष्यनिर्वाह निधीचा. कामगार त्याला नुसते फंड म्हणतात. सुरुवातीला तो ज्या सहा धंद्यांना लागू झाला त्यांत कापडधंदा होता. पगाराचे सव्वासहा टक्के कामगाराचे आणि तितकेच मालकाचे. चौथा कायदा बराच पुढचा, १९७२ चा, ग्रॅच्युइटीचा. पाच वर्षे सलग नोकरी झालेल्याला, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. ह्या दोहोंमुळे गिरणी सोडताना माणसाच्या हाती एकरकमी पैसे येऊ लागले. गिरणगावात म्हणत, अमक्याने हिशेब घेतला. हिशेब घेतला म्हणजे नोकरी संपली आणि पैसे हाती आले. पण ठोक रक्कम आणि दरमहाचे पैसे ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. ठोक रक्कम आली की घरावर कौले चढतात, मुलीचे लग्न लागते, देवळाच्या जीर्णोद्धाराला वर्गणी दिली जाते. चार वर्षांनी औषधाला पैसे राहत नाहीत. दरमहा निवृत्तिवेतनाची योजना आली ती १९९५ साली, आणि तीत किमान एक हजार रुपये ठरले २०१४ साली. तोवर बहुतेक गिरण्यांचे भोंगे थांबले होते.

ह्या कायद्यांच्या जोडीला घरातही एक बदल झाला. १९५० नंतर बायका मोठ्या संख्येने मुंबईला येऊन राहू लागल्या. गाळ्याची खोली झाली, खोलीचा संसार झाला, मुले महापालिकेच्या शाळेत जाऊ लागली. आता साठीला आलेला कामगार घरात म्हणू लागला, ''आपण आता गावाला जाऊ. इथे काय आहे?'' आणि त्याची कारभारीण म्हणू लागली, ''अहो, तुम्हांला गाव आहे. माझी माणसे इथे चाळीत आहेत. अडीअडचणीला शेजारीण हाकेला ओ देते, दवाखाना पायाखाली आहे, नातवंडे डोळ्यांपुढे आहेत. तिथे मी कोणाकडे पाहू?'' तिचे म्हणणे खोटे नव्हते. परळला १९२६ पासून केईएम रुग्णालय आहे. लालबागहून माणूस पायी तिथे पोचतो. गावाकडे रात्री कोणाची छाती दुखू लागली तर माणसे त्याला डोलीत घालून सडकेपर्यंत आणीत, आणि मग गाडीची वाट पाहत. पहिल्या पिढीच्या बाईला नवऱ्याचे परतणे म्हणजे भेट होती. दुसऱ्या पिढीच्या बाईला तीच गोष्ट ताटातूट झाली.

मग इतके असून पुष्कळजण गेले, ते का? दहा फूट बाय दहा फूट खोलीत मुलाचे लग्न झाले, सून आली, म्हणून गेले. गाव स्वस्त म्हणून गेले असे आपण समजतो. खरे कारण पुष्कळदा असे की, खोलीत पाय पसरायला जागा राहिली नाही. म्हाताऱ्याने आपली जागा मुलाला दिली आणि स्वतः गावचे बंद घर उघडले. आपल्या समाजाने ह्या त्यागाचा मोठासा गवगवा केला नाही.

ज्यांना हे बंद घर तरी होते ते सुदैवी. साताऱ्याकडच्या जावळी, पाटण तालुक्यांतून पुष्कळ माणसे मुंबईला कामाला होती. १९६० नंतर कोयनेचे धरण उभे राहिले, शिवसागराचे पाणी चढले आणि शंभराच्या आसपास गावांना त्याची झळ बसली. कितीतरी घरे, देवळे, शेते पाण्याखाली गेली. माणसे लांब लांबच्या जिल्ह्यांत नेऊन वसवली. ह्या भागातल्या गिरणीकामगाराने म्हातारपणी जायचे कुठे? त्याने जन्मभर ठेव ठेवली ती पाण्यात गेली, आणि त्याच पाण्याच्या विजेवर मुंबईचे दिवे लागले.

आता १९८२ सालाकडे येऊ. त्या वर्षी १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत ह्यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेला नाही. महिने लोटले, किराणा दुकानदारांची उधारी थांबली, भांडी विकली गेली. मग हजारो कुटुंबे गावाला गेली. प्लेगाच्या वेळी आजे-पणजे गेले होते त्याच वाटेने. गावाने त्यांना आसरा दिला, हे मान्य केले पाहिजे. कोकणात आणि घाटावर कित्येक घरांत एका चुलीवर तीन भावांचे अन्न शिजले. परंतु ह्या वेळी साथ ओसरल्यावर बोलावणारा भोंगा राहिला नव्हता. चाळिशीतली, पंचेचाळिशीतली धडधाकट माणसे वेळेआधी म्हातारी ठरली. त्यांनी गाव निवडले नव्हते. गाव त्यांच्या अंगावर येऊन पडले होते. ठरवून जाणे वेगळे आणि ढकलले जाऊन जाणे वेगळे. पहिल्यात माणूस घर शाकारून, हिशेब चुकते करून, भावांशी बोलून जातो. दुसऱ्यात तो रित्या हातांनी जातो, आणि पहिल्या पावसाळ्यातच भावाभावांत शब्दाला शब्द लागतो.

पुढची गोष्ट थोडक्यात सांगतो. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या नियमांप्रमाणे गिरण्यांच्या जमिनीचा एक हिस्सा मोकळ्या जागेला, एक घरबांधणीला आणि एक मालकाला असा विचार होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या मोकळ्या जमिनीपुरती राहिली. जिथे धुराडी होती तिथे मनोरे उभे राहिले. ज्या खोलीची पागडी बापाला जड गेली होती तिच्या किमतीत आता उपनगरात दोन खोल्या येऊ लागल्या. म्हणून कोणी डोंबिवलीला, कोणी विरार-नालासोपाऱ्याला गेले. मुंबई आणि गाव ह्यांच्या मधला हा तिसरा मुक्काम. गिरणीकामगारांना घरे देण्याची पहिली सोडत २०१२ साली निघाली. २०२५ साली शेलू, वांगणी अशा लांबच्या ठिकाणची घरे देऊ केली, तेव्हा कामगारांनी आणि त्यांच्या वारसांनी आझाद मैदानात येऊन हरकत घेतली. त्यांचे म्हणणे असे: स्वस्त घर हवे, पण ज्या गावात राबलो त्या गावात हवे. म्हातारपणी स्वस्त ठिकाणी जावे की न जावे, हा प्रश्न अशा रीतीने चव्हाट्यावर आला.

इकडे कोकणात काय झाले? १९९८ साली कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली. जी वाट बोटीने आणि एसटीने दिवस-रात्र खाई ती काही तासांवर आली. परंतु रेल्वेने माणसे परत आणली का? २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची वस्ती सुमारे १६ लाख ९७ हजार होती. २०११ साली ती १६ लाख १५ हजारांवर उतरली. सिंधुदुर्गातही घट झाली. आणि रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे बायका होत्या ११२२. शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईच्या त्या सव्वापाचशेच्या आकड्याचा हा उरलेला जोडीदार. तरुण पुरुष अजूनही बाहेर जातात, घरांना कुलपे लागतात, वरकस रानाला जाते. २०२० साली करोनाची टाळेबंदी झाली तेव्हा चाकरमानी पुन्हा गावाकडे धावला. कित्येक गावांच्या शाळांत त्यांना विलगीकरणात ठेवले गेले. काही ठिकाणी वेशीवर वादही झाले. ज्याने गावाशी येणेजाणे राखले होते त्याला दार लगेच उघडले. ज्याने राखले नव्हते त्याला ते ठोठवावे लागले. १८९६, १९८२ आणि २०२०, तिन्ही वेळा गावाने तेच सांगितले.

बरे, ह्या इतिहासातून आजच्या माणसाने काय घ्यावे? इतिहास कोणाला तू जा किंवा तू राहा असे सांगत नाही. पण ज्यांना परतणे मानवले आणि ज्यांना मानवले नाही, त्यांच्यात फरक कशाचा होता, हे तो दाखवतो. मला तो चार गोष्टींत दिसतो.

पहिली गोष्ट, नांदते घर. स्वस्ताई ही जागेत नसते, माणसांत असते. गावचे भात स्वस्त होते, कारण ते कोणीतरी कष्टाने पिकवीत होते. ते हात थांबले की गावातही तांदूळ दुकानातूनच आणावा लागतो, आणि कौले फिरवायला मजूर शोधावा लागतो. तेव्हा खर्चाचा अंदाज करताना, तिथे आपल्यासाठी कोण काय करणार आहे, हे आधी धरावे.

दुसरी गोष्ट, कागद. 'ए. कु. मॅ.' ची गोष्ट विसरू नये. जायच्या आधी, अंगात ताकद आहे तोवर, तलाठ्याकडे जाऊन सातबारा आणि घराचा उतारा पाहावा, भावाबहिणींशी समोरासमोर बसून वाटप करून घ्यावे. बहिणींचाही त्यात हक्क आहे. आपल्या राज्याने १९९४ साली आणि देशाने २००५ साली मुलींना वडिलार्जित मालमत्तेत समान हक्क दिला आहे.

तिसरी गोष्ट, परतीची वाट. ज्याने खोली मुलाकडे ठेवली, तो आजारी पडल्यावर मुंबईला येऊ शकला. ज्याने ती विकून सारा पैसा गावच्या घरात घातला, तो अडकला. म्हणून पहिल्या एक-दोन वर्षांत जुने बिऱ्हाड मोडू नये. एक पावसाळा गावात काढून पाहावा. गणपतीतले गाव आणि आषाढातले गाव ही दोन निराळी गावे आहेत. आणि मालमत्ता मुलांच्या नावे करायची झालीच, तर सांभाळण्याची अट कागदावर लिहून घ्यावी. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याप्रमाणे, अशी अट घालून दिलेली मालमत्ता, सांभाळ झाला नाही तर परत मागता येते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे घरच्या बाईचे मत. सबंध इतिहासात हा निर्णय पुरुषाने घेतला आणि तो निभावला बाईने. आधी गावी राहून, मग गावी जाऊन. विहिरीचे पाणी ती काढणार, चुलीपुढे ती बसणार, आणि बहुधा पुढली काही वर्षे एकटीही तीच राहणार. तिचा होकार नसेल तर स्वस्तातले स्वस्त गाव महाग पडते.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती करतो. आपल्या शाळेच्या परिसरात अशी वयोवृद्ध माणसे अजून आहेत. वरच्या वर्गातल्या मुलांना त्यांच्याकडे पाठवा. ''आजोबा, तुम्ही कोणत्या गिरणीत होता? आजी, तुम्ही तेव्हा कुठे राहत होता?'' एवढे दोनच प्रश्न विचारायला सांगा. ट्रंकेच्या तळाशी मनिऑर्डरच्या पावत्या असतील, गिरणीचा पास असेल, फंडाचा कागद असेल. मुलांनी त्यांची नक्कल करून घ्यावी, कागद घरच्यांना परत द्यावा. गावच्या शाळेची इमारत, देवळाचा सभामंडप, विहिरीचा कठडा ह्यांवर देणगीदारांची पाटी असते. तीही उतरवून घ्यावी. त्यांतली पुष्कळ नावे मुंबईच्या गाळ्यातल्या मंडळाची निघतील. आपल्या गावाचा शंभर वर्षांचा इतिहास ह्या कागदांत आणि पाट्यांत आहे, आणि तो लिहायला बाहेरून कोणी येणार नाही.

आणि गावकरी मंडळींनाही एक शब्द. चाकरमानी परत येतो तेव्हा आपण म्हणतो, आता आला हा वाटा मागायला. क्वचित ते खरेही असते. परंतु ज्या घराच्या ओटीवर बसून आपण हे बोलतो, त्या घरावरची कौले बहुधा त्याच्याच पगारातून चढलेली असतात. आपल्याकडे येणारी माणसे पुढल्या काळात कमी होणार नाहीत; शहरे महाग होत आहेत आणि आयुष्य लांबले आहे. त्यांना सामावून घ्यायचे तर गावात चालता दवाखाना हवा, वेळेवर येणारी एसटी हवी, पायरीला कठडा हवा. हे झाले तर जे गावी राहिले त्यांचेही म्हातारपण सुखाचे जाईल. कारण वय काही मुंबईकराचेच वाढत नाही.